एल्बच्या गाळात सव्वापाच दिवस: 'सीएससीएल इंडियन ओशन'च्या सुटकेचे प्रकरण

बुधवार, ३ फेब्रुवारी २०१६. इंग्लंडमधल्या फेलिक्स्टो बंदरातून निघालेले 'सीएससीएल इंडियन ओशन' हे कंटेनर जहाज रात्री दहाच्या सुमारास जर्मनीतल्या एल्ब नदीतून हॅम्बर्गकडे चढत होते. हॅम्बर्ग हे युरोपातले आघाडीचे बंदर असले तरी समुद्रकाठी नाही. उत्तर समुद्रापासून ते शंभरेक किलोमीटर आत, नदीवर वसलेले आहे. बंदर जेमतेम दोन तासांवर आले असताना, श्टाडे शहराच्या पुढे ल्यूहेझांड बेटाजवळ जहाजाच्या सुकाणूने दगा दिला. जहाज चॅनेलच्या, म्हणजे जहाजांसाठी खोल राखलेल्या वाटेच्या, बाहेर उथळ भागात शिरले आणि गाळात बसले. कुणाला खरचटलेही नाही, तेलाचा थेंब सांडला नाही. चॅनेल पूर्ण अडला नाही, त्यामुळे इतर जहाजांची ये-जा काही निर्बंधांसह चालू राहिली.

म्हटले तर एवढीच घटना. पण ४०० मीटर लांब आणि ५८.६ मीटर रुंद जहाज नदीच्या कुशीत जाऊन बसले की ते तिथून काढायचे कसे, हा प्रश्न फार रंजक होतो. बातम्यांत दिसले ते बारा टग, म्हणजे जहाजे ओढणाऱ्या दणकट बोटी, आणि ताणलेले दोर. जहाज सुटले ते मात्र बहुतांशी टग येण्याआधी केलेल्या कामामुळे, आणि योग्य तिथीची वाट बघण्यामुळे. तिथी हा शब्द इथे शब्दशः घ्यावा.

जहाज आणि जागा

'इंडियन ओशन' हे चायना शिपिंग कंटेनर लाइन्स या चिनी कंपनीचे जहाज. दक्षिण कोरियात उल्सानच्या ह्युंदाई गोदीत अशी पाच भावंडे बांधली गेली. क्षमता सुमारे १९,१०० कंटेनर, अर्थात वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने. अपघात झाला तेव्हा जहाज सेवेत येऊन साधारण वर्षच झाले होते.

जिथे ते रुतले तिथेच नदीवरून उच्चदाबाच्या विजेच्या तारा जातात. त्यांचे मनोरे २२७ मीटर उंच आहेत, युरोपातले सर्वांत उंच, आणि त्यातला एक थेट ल्यूहेझांड बेटावर उभा आहे. जहाजाची लांबी या मनोऱ्याच्या उंचीच्या पावणेदोनपट! नदीकाठचा हा मुलूख सफरचंदांच्या बागांचा. काठावरचे बांध हे जहाजे बघणाऱ्या हौशी लोकांचे जुने ठिकाण आहे. त्या शनिवार-रविवारी तिथे हजारोंनी बघे लोटले.

या पट्ट्यात चॅनेलची रुंदी तेव्हा तीनशे मीटरच्या आसपास होती. म्हणजे जहाज चॅनेलपेक्षा लांब. सुकाणू गेले की अशा ठिकाणी खलाशांच्या हाती फार काही उरत नाही. इंजिन उलटे फिरवले तरी एवढे वजन थांबायला बरेच अंतर लागते, आणि नांगर टाकला तरी तो पकड घेईपर्यंत काठ आलेला असतो. एका अर्थी जहाज गाळात घुसले हे नशीबच म्हणायचे. मऊ गाळात तळ शाबूत राहतो. तिथे खडक असता तर हे प्रकरण सुटकेचे न राहता तेलगळतीचे झाले असते.

पहिले प्रयत्न

असा अपघात झाला की पहिली धडपड ठरलेली असते: जवळपासचे टग बोलवा आणि पुढच्या भरतीला ओढून बघा. त्यात चूक काही नाही. जहाज हलकेसे टेकले असेल तर ते तेवढ्याने निघते, आणि जितका उशीर तितका गाळ तळाभोवती घट्ट बसत जातो. इथेही रात्रीच टग लावले गेले, गुरुवारी पुन्हा ओढून पाहिले. जहाज ढिम्म हलले नाही.

मग मोहिमेची सूत्रे कुक्सहाफेनच्या हावारीकोमांडोकडे गेली. सागरी आपत्तींसाठीची ही केंद्र सरकार आणि पाच किनारी राज्यांची संयुक्त यंत्रणा. १९९८ मध्ये 'पालास' हे मालवाहू जहाज जळत जळत आम्रुम बेटाजवळ येऊन रुतले, त्याचे तेल किनाऱ्याला लागले, आणि निर्णय नेमका कुणी घ्यायचा यावर गोंधळ झाला. त्या धड्यातून २००३ मध्ये हे कार्यालय उभे राहिले. २०१६ मध्ये त्याचे प्रमुख होते हान्स-वेर्नर मोन्झेस. प्रत्यक्ष सुटकेचे काम डच कंपनी स्मिट सॅल्व्हेजला मिळाले.

यानंतर जे ठरले तो या प्रकरणाचा गाभा आहे. पुन्हा रोज ओढत बसायचे नाही. मंगळवारी, ९ फेब्रुवारीच्या पहाटे उधाणाची भरती आहे. तोपर्यंत जहाज जेवढे हलके करता येईल तेवढे करायचे, भोवतीचा गाळ उपसायचा, आणि त्या एका भरतीला सगळी ताकद लावायची. काठावर बघे, दारात पत्रकार आणि चॅनेलवर बंदराचे रोजचे नुकसान असताना "चार दिवस ओढणार नाही" असे जाहीर करायला धैर्य लागते. माझ्या मते टगच्या ताकदीपेक्षा हा निर्णय मोठा होता.

टनांचा हिशेब

तो बरोबर का होता हे आकड्यांतच कळते. पुढचा हिशेब माझा आहे, ढोबळ आहे, पण दिशा समजायला पुरेसा आहे.

तरंगणारे जहाज आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. या जहाजाचा पाण्याच्या पातळीवरचा छेद घेतला तर लांबी गुणिले रुंदी, वजा निमुळती टोके, असे करून साधारण १९,००० चौरस मीटर भरतात. म्हणजे जहाज एक सेंटिमीटर वर उचलायचे तर सुमारे १९० टन वजन उतरवावे लागते. उलट, भरतीचे पाणी एक सेंटिमीटर वाढले तर तेवढाच भार पाणी आपण होऊन उचलते.

आता गाळात बसलेल्या जहाजाचे बघू. तरंगायला १५ सेंटिमीटर पाणी कमी पडत असेल तर सुमारे २,८५० टन भार तळावर आहे. गाळ-वाळूवर घसटत ओढायला या भाराच्या साधारण तिसरा हिस्सा जोर लागतो, म्हणजे हजारेक टन. हे बारा दणकट टगना जमण्यासारखे आहे. पण पाणी ५० सेंटिमीटर कमी पडत असेल तर भार साडेनऊ हजार टनांवर जातो आणि ओढीला तीन हजार टनांहून जास्त जोर हवा. एवढे टग आणले तरी नदीत उभे करायला जागा नाही, आणि जहाजावर दोर बांधायचे खुंटही तो ताण झेलणारे नाहीत. पहिले प्रयत्न का फसले ते इथे दिसते. ताकद थोडी कमी पडली असे झाले नव्हते. ती कैक पटींनी कमी होती.

ओहोटीचे चित्र तर आणखी भीतीदायक. एल्बच्या या भागात भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरच्या आसपास असतो. पाणी तीन मीटर उतरले की पन्नास हजार टनांहून अधिक भार नदीच्या तळावर येतो, दिवसातून दोनदा. तळ सर्वत्र सारखा असेल तर ठीक. पण प्रवाह जहाजाच्या नाळेजवळची आणि वऱ्हामाजवळची माती खरवडून नेतो. मग दोन्ही टोके अधांतरी आणि मधला भाग टेकलेला, अशी स्थिती येऊ शकते. चारशे मीटरची पोलादी तुळई अशी वाकू लागली की पत्र्यांना चिरा जाण्याची भीती असते. म्हणून सॅल्व्हेजवाले, म्हणजे अडकलेली जहाजे सोडवणारे तज्ज्ञ, ओढायच्या आधी मोजमाप करतात: जहाजाभोवती पाण्याची खोली, टाक्यांमधल्या पातळ्या, सांगाड्यावरचा ताण. बाहेरून बघणाऱ्याला तेव्हा काहीच चाललेले दिसत नाही.

उतरवायचे काय?

पहिले इंधन. त्याची दोन कारणे. एक तर वजन, आणि दुसरे म्हणजे पुढे काही बिनसले तर सांडायला जितके कमी तितके बरे. मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' यांची टक्कर झाली. 'चित्रा' कलली, कंटेनर पाण्यात पडले, तेल अलिबाग-उरणच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीत पोचले. मुंबई आणि जेएनपीटीची वाहतूक काही दिवस ठप्प झाली, मासळी खायची की नाही यावर घराघरांत चर्चा झाल्या. त्या वेळीही स्मिटलाच बोलावले होते. पण तिथे तेल आधीच बाहेर पडले होते. एल्बमध्ये टाक्या शाबूत होत्या, त्यामुळे तेल आधी काढून घ्यायची संधी होती.

जहाजाचे जड तेल फेब्रुवारीतल्या थंडीत घट्ट होते. ते गरम ठेवूनच पंपाला ओढता येते. शेजारी छोटे टँकर जहाज बांधायचे, नळ्या जोडायच्या, आणि भरती-ओहोटीबरोबर टँकर वर-खाली होत असताना मोठे जहाज मात्र जागचे हलत नाही, हे सांभाळत उपसा करायचा. सावकाशीचेच काम.

दुसरे, बॅलास्टचे पाणी. जहाजाचा तोल राखण्यासाठी तळाच्या टाक्यांत भरलेले हे पाणी काढणे सोपे: पंप चालू केला की झाले. पण वर कंटेनरचे मजले चढलेले असताना तळाचे वजन काढले तर जहाज वरजड होते. शिवाय तळ टेकलेले जहाज मुक्त तरंगणाऱ्यापेक्षा आधीच कमी स्थिर असते. म्हणून कुठली टाकी किती आणि कोणत्या क्रमाने रिकामी करायची याचे गणित नौवास्तुतज्ज्ञांनी मांडून दिल्यावरच झडपा उघडतात.

इंधन आणि बॅलास्ट मिळून जहाज सुमारे ६,५०० टनांनी हलके केले गेले. वरच्या हिशेबाने हे झाले ३४ सेंटिमीटर. एवढ्या खटाटोपातून वीतभर-दीड वीत! पण ५० मधून ३४ गेले तर १६ उरतात, आणि सोळासाठी बारा टग पुरतात.

कंटेनर का उतरवले नाहीत, हे तेव्हा बरेच जण विचारत होते. कारण हाताशी तसे साधन नव्हते. या जहाजावर कंटेनरच्या आडव्या तेवीस रांगा बसतात आणि मजले डेकपासून कैक मीटर उंच जातात. तिथवर पोचणाऱ्या क्रेन हॅम्बर्गच्या धक्क्यावर आहेत, नदीत नाहीत. तरंगत्या क्रेनने एकेक डबा उचलायचा म्हणजे आठवडे जाणार. तो पर्याय मंगळवार फसला तरच.

तिसरे काम ड्रेजरचे. जहाजाभोवतीचा गाळ उपसून चॅनेलकडे वाट खणायची. यात एक मेख असते: फार जवळून, एकाच बाजूने खणले तर जहाज त्या बाजूला कलंडते किंवा एकाच ठिकाणी भार एकवटतो. आणि नदी काही थांबत नाही. आज खणलेल्या चरात उद्याची भरती नवा गाळ आणून टाकते. त्यामुळे हे खणणे शेवटच्या भरतीपर्यंत चालू ठेवावे लागते.

सोमवती अमावास्या

कोकणातल्या कुठल्याही खलाशाला पुढचे सांगावे लागणार नाही. अष्टमीच्या आसपास भांग, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. भांगाच्या दिवसांत भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही. उधाणाला दोन्ही टोके गाठली जातात, आणि तीही तिथीनंतर एक-दोन दिवसांनी.

१ फेब्रुवारी २०१६ ला चंद्र अर्धा होता, म्हणजे वद्य अष्टमी. जहाज रुतले ३ तारखेला, ऐन भांगात. ८ फेब्रुवारीला अमावास्या होती, आणि सोमवार असल्यामुळे आपल्याकडे सोमवती. (चिनी नववर्षही त्याच दिवशी सुरू झाले; चिनी मालकाला शकुनाचा एवढा दिलासा पुरे.) थोडक्यात, जहाज अडकले तेव्हापासून पुढची प्रत्येक भरती चंद्राच्या हिशेबाने आदल्यापेक्षा थोडी वर चढणार होती. थांबणे इथे फायद्याचे होते ते या कारणाने. हेच जहाज ९ तारखेच्या ऐन भरतीला रुतले असते, तर पुढची भरती रोज कमी होत गेली असती आणि किमान पंधरवडाभर चंद्राकडून काही मिळाले नसते. मग कंटेनर उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

चंद्राखेरीज वारा असतोच. वायव्येचा जोरदार वारा उत्तर समुद्राचे पाणी एल्बच्या मुखात रेटतो, पूर्वेचा ते बाहेर ढकलतो. तक्त्यातली भरती आणि प्रत्यक्षातली भरती यांत त्यामुळे सहज फरक पडतो, आणि शेवटच्या रात्री सगळ्यांचे डोळे पाणीपातळीच्या मापाकडे लागलेले असतात. ८ तारखेला जर्मनीच्या पश्चिम भागात वादळ होते; ड्युसेलडॉर्फ आणि माइन्झच्या कार्निव्हल मिरवणुका रद्द कराव्या लागल्या होत्या.

मंगळवारी मध्यरात्रीनंतर बारा टग जागेवर आले. एकत्रित ओढ हजार टनांच्या वर. पहाटे दोनच्या सुमारास जहाज हलले आणि चॅनेलमध्ये आले. पाच दिवस गाजलेला प्रश्न एका भरतीत मिटला. टगच्याच आधाराने ते पहाटे हॅम्बर्गच्या वाल्टरशोफ भागात धक्क्याला लागले.

आणखी तीन जहाजे

हे प्रकरण एकटे बघितले तर चंद्राचे कौतुक जरा जास्त वाटेल. म्हणून शेजारी तीन ठेवू.

१४ ऑगस्ट २०१७ ला याच कंपनीचे ३६६ मीटर लांबीचे 'सीएससीएल ज्युपिटर' अँटवर्पहून निघाल्यावर शेल्ड नदीत, नेदरलँड्सच्या बाथ गावाजवळ रुतले. कारण तेच, सुकाणू. पण ते त्याच संध्याकाळच्या भरतीला सोळाएक टगनी काढले.

'एव्हर गिव्हन' सगळ्यांना ठाऊक आहे. ते नदीत नव्हते, सुएझ कालव्यात होते. त्यावरचे पंचवीसही खलाशी भारतीय. २३ मार्च २०२१ ला, चंद्र अर्धा होऊन दोनच दिवस झाले असताना, ते आडवे झाले. 'मशहूर' नावाच्या ड्रेजरने आणि इतरांनी मिळून सुमारे ३०,००० घनमीटर वाळू-माती काढली. जहाज सुटले २९ मार्चला. आदल्या रात्री आपल्याकडे होळी पेटली होती, म्हणजे फाल्गुन पौर्णिमा.

तिसरे 'एव्हर फॉरवर्ड', ३३४ मीटर. १३ मार्च २०२२ ला बाल्टिमोर सोडल्यावर चेसापीक उपसागरात वळण चुकवून ते सरळ उथळ पाण्यात गेले. चौकशीत जहाजाला वाट दाखवणारा पायलट फोनमध्ये गुंतलेला होता असे आढळले. हे जहाज पंचांगाला भीक घालेना. तिथे भरती-ओहोटीतला फरकच फुटा-दीड फुटाचा, तेव्हा चंद्र देऊन देऊन देणार किती! बराच गाळ उपसूनही २९ आणि ३० मार्चचे प्रयत्न फसले. शेवटी बार्जवरच्या क्रेनने पाचशेच्या आसपास कंटेनर उतरवले, आणि महिन्याहून अधिक काळाने, १७ एप्रिलला सकाळी ते निघाले. आदल्या दिवशी चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती. इंचभर मदत तिथेही चंद्राने केलीच, पण काम केले ते ड्रेजरने आणि क्रेनने.

एल्बमध्ये तीन मीटरची भरती हाताशी होती म्हणून सव्वापाच दिवसांत भागले. तीच माणसे, तेच टग चेसापीकमध्ये नेले असते तरी आठवड्यात सुटका झाली नसती.

नदी खोल करण्याचा वाद

जहाज सुटायच्या आतच एक जुना वाद पुन्हा पेटला. एल्बचा चॅनेल आणखी खोल आणि रुंद करायची योजना पर्यावरण संघटनांच्या दाव्यांमुळे २०१२ पासून लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयात अडकली होती. समर्थक म्हणाले, बघा, नदी अपुरी आहे. विरोधक म्हणाले, बघा, असली अजस्र जहाजे नदीत आणायचीच कशाला. दोघांचेही या अपघाताशी नाते पातळ होते. जहाज चॅनेलमध्ये पाणी कमी पडले म्हणून रुतले नाही. सुकाणू गेले म्हणून ते चॅनेलबाहेर गेले. चॅनेल आणखी दोन मीटर खोल असता तरी काठ तिथेच होता.

रुंदीचा मुद्दा मात्र खरा आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे नदीच्या वरच्या टप्प्यात समोरासमोर येणाऱ्या दोन जहाजांची मिळून रुंदी ९० मीटरपेक्षा जास्त चालत नसे. 'इंडियन ओशन'सारखी दोन जहाजे म्हणजे ११७ मीटर. अशी दोन एकमेकांना ओलांडूच शकत नाहीत, त्यामुळे एक रुतले तर बाकी मोठ्यांचे सगळे वेळापत्रक कोलमडते.

न्यायालयाचा निकाल आला ९ फेब्रुवारी २०१७ ला, सुटकेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी: योजना मुळात ग्राह्य, पण काही बाबतींत दुरुस्ती हवी. काम २०१९ मध्ये सुरू झाले. वेडेलपासून वरच्या बाजूला मोठ्या जहाजांना एकमेकांना ओलांडता यावे म्हणून ३८५ मीटर रुंदीचा टप्पा तयार झाला. ड्राफ्टची, म्हणजे पाण्याखाली किती खोल गेलेले जहाज चालेल याची, मर्यादा एक मीटरने वाढली: भरतीची वाट न बघता १३.५ मीटर, भरती साधून १४.५. २०२२ च्या सुरुवातीला ती पूर्ण लागू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस गाळ इतका साचला की ती पुन्हा मीटरभरापर्यंत खाली आणावी लागली.